टायगरबर्गचा रुग्ण : लिंग प्रत्यारोपणाच्या एका प्रकरणाचा अभ्यास

१३ मार्च २०१५ रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या स्टेलनबॉश विद्यापीठाने एक घोषणा केली. तीन महिन्यांपूर्वी, ११ डिसेंबर २०१४ ला, केपटाउनच्या टायगरबर्ग रुग्णालयात एका एकवीस वर्षांच्या तरुणाला मृत दात्याचं लिंग बसवण्यात आलं होतं. त्याची लघवी, ताठरता, संभोग, वीर्यस्खलन हे सगळं पुन्हा सुरू झालं होतं. बातमी जगभर गेली. बहुतेक मथळ्यांत अप्रूप होतं, काहींत वाह्यातपणाही होता. वैद्यकीय तपशील मात्र दोन वर्षांचा पाठपुरावा पूर्ण झाल्यावर, २०१७ मध्ये, 'द लॅन्सेट' या नियतकालिकात सविस्तर छापून आला.

या शस्त्रक्रियेचे प्रमुख होते प्रा. आंद्रे फान डर मर्वे, स्टेलनबॉशच्या युरॉलॉजी, म्हणजे मूत्ररोग विभागाचे प्रमुख. त्यांची मूळ ओळख मूत्रपिंड प्रत्यारोपण आणि दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया करणारे सर्जन अशी. पुरुषांचं लैंगिक आणि प्रजनन आरोग्य सांभाळणाऱ्या युरॉलॉजिस्टचं कसब नेमकं कशात असतं, हे या एका रुग्णाइतकं स्वच्छ दाखवणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. सुरी चालवणं हा त्यातला एक भाग. शस्त्रक्रिया कोणावर करायची, कशासाठी करायची आणि नंतर किती काळ त्या माणसामागे उभं राहायचं, हे ठरवणं जास्त कठीण. इथे ते सगळं नोंदलेलं आहे, म्हणून हे प्रकरण बारकाईने वाचण्यासारखं आहे.

रुग्ण

रुग्णाचं नाव डॉक्टरांनी कधीच जाहीर केलं नाही, आणि ते योग्यच केलं. माहीत आहे ते एवढं : अठराव्या वर्षी पारंपरिक पद्धतीने त्याची सुंता झाली, जखम चिघळली, आणि जीव वाचवण्यासाठी लिंग काढून टाकावं लागलं. जेमतेम एक सेंटिमीटरचा खुंट उरला. सुंतेच्या आधी त्याचं लैंगिक आयुष्य सुरू झालेलं होतं, म्हणजे आपण काय गमावलं हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

दक्षिण आफ्रिकेत, विशेषतः खोसा समाजात, मुलगा पुरुष होतो तो 'उल्वालुको' या संस्कारानंतर. मुलं घरापासून दूर, रानातल्या झोपड्यांत काही आठवडे राहतात. पारंपरिक सुंता करणारा माणूस पात्याने अग्रत्वचा कापतो, जखमेवर पट्टी बांधली जाते, आणि पहिले काही दिवस वेदना सोसणं, पाणी कमी पिणं हा परीक्षेचाच भाग मानला जातो. जाणता, अनुभवी माणूस असेल तर मुलं बरी होऊन घरी येतात. गडबड होते ती अननुभवी माणसाच्या हातात. एकच पातं अनेकांना वापरलं जातं, जखमेत जंतू शिरतात, शरीरातलं पाणी कमी झालेलं असतं. या सगळ्यांत घातक ठरते ती करकचून बांधलेली पट्टी. बोटाला दोरा आवळून बांधला की बोट आधी निळं आणि मग काळं पडतं, तेच इथे होतं. लिंगाचा रक्तपुरवठा मुळाकडून टोकाकडे जातो. मुळाशी आवळलं तर पुढच्या भागाला दुसरी वाट नसते. गँगरीन होतं.

दवाखान्यात जावं तर परीक्षेत नापास झाल्याचा कलंक लागतो. म्हणून मुलगा गप्प राहतो, सोबतचा देखरेख करणारा गप्प राहतो, आणि पहिल्या एकदोन दिवसांत पट्टी सैल करून, सलाइन आणि प्रतिजैविकं देऊन जे वाचवता आलं असतं ते आठवड्याभरात हाताबाहेर जातं. देशभरात वर्षाला अडीचशेपर्यंत तरुणांना असं लिंग गमवावं लागत असावं, असा तज्ज्ञांचा अंदाज विद्यापीठाने २०१५ च्या घोषणेत दिला होता.

ज्या संस्काराने पुरुष व्हायचं, त्याच संस्कारात पुरुषत्वाची खूण जाते. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाकडे हे पचवण्याची मानसिक ताकद असेलच असं नाही, आणि यातल्या काहींनी आत्महत्या केल्याच्या नोंदी आहेत, हे फान डर मर्वे यांनी तेव्हाच सांगितलं होतं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, जीव वाचला, लघवी खुंटातून होते, मग आणखी काय हवं? युरॉलॉजीच्या ओपीडीत बसणारा कोणीही सांगेल की या प्रश्नातच रुग्णाची सगळ्यात मोठी उपेक्षा आहे.

हाताची कातडी की दात्याचं लिंग

लिंग नसलेल्या पुरुषाला लिंग तयार करून देण्याची शस्त्रक्रिया जुनी आणि प्रस्थापित आहे. मनगटापासून कोपरापर्यंतच्या भागातली कातडी, खालची चरबी, धमनी, शिरा आणि नसा यांसकट उचलायची, तिची नळी करायची आणि जांघेतल्या रक्तवाहिन्यांना जोडायची. दिसायला ते लिंगासारखं होतं, लघवीही त्यातून करता येते. पण त्यात ताठर होणारी ऊती नसते. संभोगासाठी आत कृत्रिम रोपण, म्हणजे इम्प्लांट, घालावं लागतं.

मोठ्या शहरात, टेबलावर बसून काम करणाऱ्या, नियमित तपासणीला येऊ शकणाऱ्या माणसासाठी हा चांगला उपाय आहे. टायगरबर्गच्या चमूसमोरचे रुग्ण वेगळे होते. गरीब घरातले, अंगमेहनतीवर पोट असलेले तरुण. ज्या हाताची कातडी उचलायची तोच हात कुदळ-फावडं धरणार, आणि तो कमजोर झाला तर रोजगार जाणार. शिवाय तरुण वयातल्या जोमदार संभोगात इम्प्लांट कातडी फाडून बाहेर येण्याचा धोका. आपल्या शोधनिबंधात त्यांनी ही दोन्ही कारणं स्पष्ट मांडली आहेत. मला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. 'जगात पहिली' अशी शस्त्रक्रिया करण्याची हौस हे कारण त्यांनी दिलेलं नाही. रुग्ण उद्या सकाळी कामावर कसा जाईल, इथून त्यांचा विचार सुरू झाला.

दुसऱ्या पारड्यात मात्र जड गोष्ट होती. दुसऱ्याचा अवयव लावला की शरीराने तो नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं आयुष्यभर घ्यावी लागतात. त्यांनी मूत्रपिंडावर ताण येतो, जंतुसंसर्ग वाढतात, काही कर्करोगांचा धोका वाढतो. मूत्रपिंड किंवा यकृत निकामी झालेल्या माणसाच्या बाबतीत हा सौदा सहज पटतो, कारण दुसरीकडे मृत्यू असतो. लिंगाशिवाय माणूस जगतो. मग धडधाकट तरुणाला जन्मभराची औषधं का द्यायची? हात आणि चेहरा यांच्या प्रत्यारोपणातही हाच प्रश्न उभा राहिला होता. टायगरबर्गच्या डॉक्टरांनी २०१० पासून तयारी सुरू केली तेव्हा चेहरा प्रत्यारोपणाच्या पहिल्या शस्त्रक्रियेतली काही तंत्रं त्यांनी आधाराला घेतली. आधी एका मृतदेहाचं लिंग दुसऱ्या मृतदेहाला जोडून सराव केला. विद्यापीठाच्या नीतिसमितीची परवानगी घेतली, आणि त्यानंतरच रुग्ण शोधायला सुरुवात केली.

निवडीचे निकष शरीराचे होते तसे मनाचेही. खुंट किती लांब आहे, आतल्या ताठर ऊतीचा मुळाकडचा भाग शाबूत आहे का, हे युरॉलॉजिस्टने पाहायचं. हा माणूस रोज न चुकता गोळ्या घेईल का, मेलेल्या माणसाचा अवयव आपला म्हणून स्वीकारेल का, शरीराने तो नाकारला तर सावरेल का, हे मानसिक तपासणीत पाहायचं. या दुसऱ्या यादीला इतकं महत्त्व का, याचं उत्तर आठ वर्षांपूर्वीच्या चीनमधल्या एका रुग्णात आहे. त्याच्याकडे नंतर वळतो.

दाता मिळवणं हा आणखी एक डोंगर होता. मूत्रपिंड, हृदय, डोळे यांचं दान लोकांना समजतं. 'तुमच्या मुलाचं लिंग द्याल का?' हे अतिदक्षता विभागाबाहेर रडत उभ्या असलेल्या आईबापांना विचारायचं कसं? मूत्रपिंड प्रत्यारोपणात काम केलेल्या माणसाला अशा संभाषणाची सवय असते, तरीही ही विनंती वेगळीच. चमूने त्यासाठी एक तोडगा ठेवला : दात्याच्या पोटावरची कातडी वापरून लिंगाचा आकार करून द्यायचा, म्हणजे दफनाच्या वेळी देह अखंड दिसेल. ज्या घराने हो म्हटलं त्याचं नावही कुठे आलेलं नाही. या प्रकरणातलं सगळ्यात मोठं मन त्यांचं, असं मी मानतो.

टेबलावर

दात्याच्या शरीरातून लिंग काढताना रक्तपुरवठा थांबल्यापासून ते थंड होईपर्यंत चार मिनिटं गेली. पुढे थंड द्रावणात ते सोळा तास राहिलं. हृदयाला एवढा काळ चालत नाही, चारसहा तासांतच ते बसवावं लागतं. स्नायूंनी भरलेल्या हातालाही परवडत नाही. लिंगात मोठे स्नायू नसतात. कातडी, स्पंजासारखी ताठर ऊती आणि मूत्रमार्ग ही रचना थंडीत बरीच तग धरते. पण सोळा तास जातात याचा अर्थ रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा होणार, आणि गुठळीची भीती वाढणार. ती भीती पुढे खरी ठरली.

शस्त्रक्रिया नऊ तास चालली. फान डर मर्वे यांच्यासोबत टायगरबर्गच्या प्लास्टिक सर्जरी विभागाचे प्रमुख प्रा. फ्रँक ग्रेवे होते, शिवाय भूलतज्ज्ञ, प्रत्यारोपण समन्वयक, परिचारिका आणि इतर सर्जन. कामाची वाटणी समजण्यासारखी आहे. लिंगाच्या आत तीन नळकांडी असतात : वरच्या बाजूला दोन ताठर होणारी, खालच्या बाजूला एक, जिच्यातून मूत्रमार्ग जातो. रुग्णाच्या खुंटातली टोकं ताजी करून दात्याच्या नळकांड्यांना टाक्यांनी जोडायची, मूत्रमार्गाला मूत्रमार्ग जुळवायचा, आणि लघवी गळणार नाही पण वाटही अरुंद होणार नाही असा सांधा करायचा, ही युरॉलॉजिस्टची कामं. सूक्ष्मदर्शकाखाली धमन्या, शिरा आणि वरच्या बाजूने धावणाऱ्या संवेदनेच्या नसा शिवायच्या, हे प्लास्टिक सर्जनचं काम. या वाहिन्यांचा व्यास एक ते दोन मिलिमीटर असतो, आणि त्या शिवायचा धागा नुसत्या डोळ्यांना धड दिसतही नाही. एखादा टाका मागच्या भिंतीत अडकला तर वाहिनी बंद.

शस्त्रक्रिया संपल्यावर आठ तासांनी धमनीत गुठळी झाली. असा अवयव जोडल्यावर पहिले दोन दिवस ठरावीक अंतराने त्याचा रंग, ऊब, दाबल्यावर परत येणारी लाली आणि डॉपलर यंत्रावर येणारा रक्तप्रवाहाचा आवाज तपासत राहायचं असतं, ते यासाठीच. गुठळी कळली की रुग्ण लगेच पुन्हा टेबलावर. उशीर झाला तर अवयव गेला. इथे तातडीने पुन्हा शस्त्रक्रिया करून धमनी मोकळी केली गेली. सहाव्या दिवशी आणखी एक संकट आलं. साचलेल्या रक्तात जंतुसंसर्ग झाला होता आणि मुळाजवळची काही कातडी मेली होती. तेही शस्त्रक्रियेने साफ केलं. वर्तमानपत्रातल्या बातमीत ही दोन वाक्यं नव्हती. पण शस्त्रक्रिया 'यशस्वी' झाली ती त्या नऊ तासांत नव्हे, पुढच्या आठवड्यात रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी ठेवलेल्या लक्षामुळे. प्रत्यारोपणाच्या वॉर्डात काम केलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागणार नाही.

महिना झाल्यावर त्याला घरी सोडलं.

नंतरची दोन वर्षं

औषधांची यादी मूत्रपिंड प्रत्यारोपणातून आलेली होती. सुरुवातीला प्रतिकार करणाऱ्या पेशींवर थेट हल्ला करणारं अँटिथायमोसाइट ग्लोब्युलिन आणि शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन, पुढे टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोन. यात एक औषध मात्र खास युरॉलॉजिस्टच्या पेटीतलं. एका आठवड्यानंतर रोज ५ मिलिग्रॅम टाडालाफिल सुरू केलं आणि तीन महिने चालू ठेवलं. बाजारात ही गोळी 'जोर वाढवणारी' म्हणून माहीत आहे. इथे तिचा उपयोग वेगळा होता. ताठर ऊतीत रक्त नियमित खेळत राहिलं नाही तर ती हळूहळू तंतुमय, निबर होते. प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतरही याच विचाराने कमी मात्रेची रोजची गोळी देतात. नसा पुन्हा वाढायला वेळ लागतो, साधारण दिवसाला एक मिलिमीटर. तोवर ऊती जिवंत, मऊ ठेवायची.

दोन वर्षांनी लैंगिक कार्य परत यावं, असं डॉक्टरांनी उद्दिष्ट धरलं होतं. रुग्णाने घरी गेल्यावर एका आठवड्यातच संभोग केला, डॉक्टरांनी नको सांगितलेलं असताना, आणि तो समाधानकारक झाल्याचं नंतर सांगितलं. म्हणजे शस्त्रक्रियेला जेमतेम पाच आठवडे झाले होते. शोधनिबंधात हे सरळ लिहिलेलं आहे, लपवलेलं नाही. तिसऱ्या महिन्यापासून नियमित संबंध सुरू झाले. एकवीस वर्षांचा मुलगा, तीन वर्षं ज्या गोष्टीची आशा सोडलेली ती हातात आलेली, त्याला थांबायला सांगणाऱ्या डॉक्टरांची बाजू बरोबर होती आणि तो का थांबला नाही हेही समजण्यासारखं आहे.

सातव्या महिन्यात मूत्रपिंडाला अचानक इजा झाली. टॅक्रोलिमसचा हा ठाऊक असलेला दुष्परिणाम. मात्रा कमी करून दिवसातून दोनदा १४ मिलिग्रॅमवर आणली आणि मूत्रपिंड पूर्ववत झालं. आठव्या महिन्यात कातडीवर बुरशी आली, आल्टर्नेरिया जातीची, जी मातीत आणि झाडापाल्यावर सर्रास असते आणि निरोगी माणसाला सहसा त्रास देत नाही. मलमाने आटोक्यात आली. प्रतिकारशक्ती दाबलेल्या, मातीशी संबंध असलेल्या माणसाला काय होऊ शकतं याची ती झलक होती. मुंबई-पुण्यात प्रत्यारोपण करून गावी, शेतावर परतणाऱ्या आपल्याकडच्या रुग्णांनाही हाच धोका असतो.

दोन वर्षांनी मोजमाप केलं तेव्हा लघवीचा सर्वाधिक वेग सेकंदाला १६.३ मिलिलिटर होता, १०९ मिलिलिटर लघवी झाली त्या वेळी. तरुण पुरुषासाठी हे सर्वसाधारण. मूत्रमार्गाचा सांधा अरुंद झाला असता तर हा आकडा निम्म्यावर आला असता, त्यामुळे मी या एका आकड्याकडे आदराने पाहतो. ताठरतेच्या प्रश्नावलीत एकूण समाधानाला १० पैकी ८ गुण मिळाले. जीवनमानाच्या प्रश्नावलीत शारीरिक आरोग्याचे गुण शस्त्रक्रियेपूर्वी ३७ होते, सहा महिन्यांनी ६० झाले, दोन वर्षांनी ५९ राहिले. मानसिक आरोग्याचे गुण २५ वरून सहा महिन्यांत ५७ वर गेले आणि दोन वर्षांनी ४६ वर उतरले.

हा शेवटचा उतार मला खटकतो, आणि खटकायला हवा. २५ च्या तुलनेत ४६ हे खूपच बरं आहे. पण पहिल्या वर्षाचा आनंद ओसरल्यावर रोजच्या गोळ्या, तपासण्या, जुन्या जखमेचं ओझं आणि सामान्य आयुष्यातल्या सामान्य अडचणी उरतात. लिंग परत मिळालं म्हणून नोकरी मिळत नाही. अशा रुग्णाला दोन वर्षांनंतरही समुपदेशन लागतं, हे या आकड्यातून दिसतं, आणि ते देण्याची तजवीज शस्त्रक्रियेच्या आराखड्यातच असायला हवी.

जून २०१५ मध्ये आणखी एक बातमी आली : त्याची मैत्रीण गरोदर आहे. फान डर मर्वे यांनी सांगितलं की त्यावर अविश्वास ठेवण्याचं कारण नाही. यात चमत्कार नव्हता. गँगरीनने लिंग गेलं होतं, वृषणं शाबूत होती. शुक्राणू तयार होत होतेच, त्यांना बाहेर जायला आणि योग्य ठिकाणी पोचायला वाट नव्हती. ती वाट मिळाली. जन्माला येणारं मूल त्याच्याच रक्ताचं असणार होतं, कारण शुक्राणू दात्याचे नव्हते. ही बाब वरवर साधी वाटते, पण पुढे अमेरिकेत तिच्यावर मोठा निर्णय घ्यावा लागला. २६ मार्च २०१८ रोजी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात अफगाणिस्तानात स्फोटात जखमी झालेल्या सैनिकाला लिंग, वृषणकोश आणि पोटाच्या भिंतीचा काही भाग असं सलग प्रत्यारोपण केलं गेलं, चौदा तास लागले. वृषणं मात्र जाणूनबुजून बसवली नाहीत. बसवली असती तर त्या सैनिकाला झालेली मुलं जनुकीयदृष्ट्या दात्याची ठरली असती, आणि दात्याने जिवंतपणी त्याला संमती दिलेली नव्हती. लैंगिक कार्य आणि वंश या दोन गोष्टी आपल्या मनात एकमेकींत मिसळलेल्या असतात. युरॉलॉजिस्टला त्या वेगळ्या ठेवाव्याच लागतात.

ग्वांगझूचा रुग्ण

आता चीनकडे. २००६ मध्ये ग्वांगझूच्या एका लष्करी रुग्णालयात ४४ वर्षांच्या माणसाला एका ब्रेन-डेड तरुणाचं लिंग जोडलं होतं. अपघातात या रुग्णाचंही जवळपास सगळं लिंग गेलं होतं, एक सेंटिमीटर उरलं होतं. शस्त्रक्रिया पंधरा तासांची. रक्तपुरवठा उत्तम होता, दहा दिवसांत तो उभा राहून लघवी करू लागला, अवयव नाकारल्याची लक्षणं नव्हती. चौदाव्या दिवशी डॉक्टरांनी ते काढून टाकलं, कारण रुग्णाला आणि त्याच्या बायकोला मानसिकदृष्ट्या ते सहन होत नव्हतं.

तंत्राच्या दृष्टीने पाहिलं तर ग्वांगझूच्या सर्जननी सगळं नीट केलं होतं. टायगरबर्गपेक्षा त्यांचे पहिले काही दिवस सुरळीत गेले. तरीही एक रुग्ण लिंगासह घरी गेला आणि दुसरा लिंगाशिवाय. फरक सूक्ष्मदर्शकाखालच्या टाक्यांचा नव्हता. केपटाउनच्या डॉक्टरांनी रुग्ण निवडतानाच मनाची चाचपणी केली होती, आणि ज्या वयाचा, ज्या समाजातला, ज्या कारणाने लिंग गमावलेला तरुण त्यांनी निवडला, त्याच्यासाठी ते परत मिळण्याचा अर्थ फार मोठा होता. ग्वांगझूच्या जोडप्याशी आधी किती बोलणं झालं होतं, बायकोला विश्वासात घेतलं होतं का, हे प्रश्न त्या काळात कोणी इतक्या गांभीर्याने विचारत नव्हतं. आज विचारतात, आणि त्याचं श्रेय त्या अपयशालाही जातं. लैंगिक आरोग्याच्या उपचारात रुग्ण एकटा नसतो, जोडीदार त्या उपचाराचा अर्धा भाग असतो, हे नपुंसकत्वाच्या साध्या तक्रारीपासून इम्प्लांटपर्यंत सगळीकडे खरं आहे. आपल्याकडे तर नवरा एकटा, लपूनछपून येतो आणि बायकोला फक्त औषधांचं पाकीट दिसतं.

२१ एप्रिल २०१७ रोजी टायगरबर्गमध्येच दुसरं प्रत्यारोपण झालं. हा रुग्ण चाळीस वर्षांचा, त्याने सतरा वर्षांपूर्वी सुंतेतच लिंग गमावलं होतं. साडेनऊ तास लागले. दाता गोरा आणि रुग्ण काळा होता. रंगातला फरक पुढे वैद्यकीय गोंदणाने कमी करायचं ठरलं. वर्णभेदाचा इतिहास असलेल्या देशात या गोष्टीची चर्चा झाली नाही तरच नवल. सतरा वर्षं वाट पाहिलेल्या माणसाने मात्र दात्याच्या रंगावरून मागे फिरायचं नाही असं ठरवलं होतं.

मुंबई आणि केपटाउन

केपटाउन आणि मुंबई यांचा या क्षेत्रात एक जुना धागा आहे. ३ डिसेंबर १९६७ ला केपटाउनच्याच ग्रूट स्कूर रुग्णालयात ख्रिश्चन बर्नार्ड यांनी माणसातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं, आणि १६ फेब्रुवारी १९६८ ला परळच्या केईएममध्ये डॉ. पी. के. सेन यांनी भारतातला पहिला प्रयत्न केला. आता हात, चेहरा, लिंग अशा अनेक प्रकारच्या ऊती असलेल्या अवयवांची पाळी आहे. रेल्वे अपघातात दोन्ही हात गमावलेल्या तरुणीला २०२० मध्ये परळच्याच ग्लोबल रुग्णालयात दोन्ही हात बसवले गेले. सूक्ष्मशस्त्रक्रियेचं कौशल्य, औषधं, दाता शोधणारी समन्वय केंद्रं, २०११ च्या दुरुस्तीने 'ऊती'ही कक्षेत घेणारा १९९४ चा अवयव प्रत्यारोपण कायदा, हे सगळं आपल्याकडे आहे.

लिंग प्रत्यारोपणाचा रुग्णवर्ग मात्र आपल्याकडे वेगळा असेल. आपल्याकडे लिंग गमावण्याचं मोठं कारण कर्करोग. पाश्चात्त्य देशांच्या मानाने भारतात हा कर्करोग जास्त दिसतो. न सरकणारी अग्रत्वचा, तिच्याखाली साचणारा मळ, एचपीव्ही विषाणू, तंबाखू ही त्याची कारणं, आणि उशिरा येणं हे त्यातलं आपलं खास दुखणं. कातडीखालचा फोड किंवा न भरणारी जखम माणूस महिनोन्‌महिने कोणाला दाखवत नाही. रेल्वेच्या भिंतीवरची 'गुप्तरोग' जाहिरात वाचून तो भलत्याच दवाखान्यात जातो आणि युरॉलॉजिस्टकडे येईपर्यंत लिंगाचा काही भाग किंवा पूर्ण लिंग काढण्यावाचून इलाज उरत नाही. अशा रुग्णाला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं देणं जोखमीचं, कारण दडून राहिलेला कर्करोग त्यात डोकं वर काढू शकतो. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात मे २०१६ मध्ये अमेरिकेतलं पहिलं लिंग प्रत्यारोपण झालं, ते ६४ वर्षांच्या कर्करोगमुक्त रुग्णावर, लिंग काढल्यानंतर चार वर्षांनी. तिथेही पंधरा तास लागले. केपटाउनचा निष्कर्ष उचलून थेट कर्करोगाच्या रुग्णाला लावता येणार नाही, त्याच्यासाठी हाताच्या कातडीचा जुना मार्गच अजून पहिला पर्याय राहतो, असं माझं मत आहे.

आणि दक्षिण आफ्रिकेतही दोन प्रत्यारोपणांनी वर्षाला अडीचशेचा प्रश्न सुटणार नव्हता. हे फान डर मर्वे यांच्या चमूला पुरतं माहीत होतं. संस्कार बंद पडणार नाही, हे त्यांनी निबंधाच्या सुरुवातीलाच मान्य केलं आहे, आणि त्या परंपरेचा कुठेही उपमर्द केलेला नाही. पूर्व केप प्रांताने २००१ मध्येच पारंपरिक सुंतेसाठी आरोग्याचे नियम करणारा कायदा केला होता. २०२१ मध्ये देशभरासाठी दीक्षाविधीचा, म्हणजे अशा संस्कारांचा, कायदा झाला : मुलांना त्यासाठी जिथे ठेवतात त्या दीक्षाशाळांची नोंदणी आणि मुलाची आधी वैद्यकीय तपासणी त्यात सक्तीची आहे. नोंदणी न करता रानात चालणाऱ्या शाळा तरीही उरतात. जून-जुलै आणि नोव्हेंबर-डिसेंबर हे दोन हंगाम आले की त्या भागातल्या रुग्णालयांत तापाने फणफणलेली, पट्टी न सोडलेली मुलं येतात. त्या वेळी ड्यूटीवर असलेल्या डॉक्टरला करायची पहिली गोष्ट म्हणजे पट्टी कापणं, दुसरी म्हणजे शिरेतून पाणी देणं. त्या मुलांपैकी बहुतेकांना प्रत्यारोपणाची गरज कधीच पडणार नाही, जर ती पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत पोचली तर.